यादीत मी नव्हते

जळगावच्या दवाखान्यात मी माझ्या भाचीच्या कॉटशेजारी बसून होते आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, मी त्या कॉटपाशी येऊ देत नव्हते. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट गोल गोल फिरवत सांगायची मला सवय आहे, आणि या बाबतीत ती चालायची नाही.

मी धुळ्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्त येतं, लघवी येते, शौच येतं. त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, कोणता आहे ते ओळखायचं, कोणत्या औषधाला मरतो ते बघायचं. वीस वर्षं झाली. भाऊ चिडवायचा, "अक्का, गाव कपाशी लावतं अन् तू जंतू लावतेस." मीही हसायचे. खरं सांगायचं तर कामाचा मला भारी तोरा होता. माहेरी पाऊल टाकलं की मी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावायचे, नखं तपासायचे, पाण्याच्या माठात कुणी पेला बुडवला तर घर डोक्यावर घ्यायचे. वहिनी एकदा हळूच म्हणाली होती, "शाळेतल्या बाई आल्या." तेव्हा मला त्याचाही अभिमान वाटला होता.

माहेर पारोळ्याच्या जवळ. भाऊ पारोळ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. वहिनी घर बघते, गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. आणि त्यांची एकुलती एक पोरगी, सात वर्षांची. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मी गेले की तिचं सकाळपासून फुई, फुई सुरू. माझ्याच ताटात जेवायची, माझ्याच अंथरुणात शिरायची. मला मुलगी नाही, एक मुलगा आहे, तो पुण्याला शिकतो. त्यामुळे ही म्हणजे माझा जीव की प्राण.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेक दिवाळीला आली नाही तर एकवेळ चालेल, आखाजीला तिनं माहेरी यायलाच पाहिजे. निंबाला झोके बांधतात, घागर पुजतात, मांडे होतात, सांजोऱ्या होतात, आमरस होतो. आणि आलेल्या लेकीनं इकडची काडी तिकडे करायची नाही. वर्षभर सासरी राबते ना, मग ते चार दिवस तिनं झोक्यावर बसायचं आणि आयतं ताट पुढं ओढायचं. मला नुसतं बसणं कधी जमलं नाही. बाकी कशाला हात लावायचे नाही, पण रस मीच काढायचे. आंबे पाण्यात टाकायचे, एकेक हातात घेऊन मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि मग साल, कोय दोन्ही मुठीत धरून कोपरापर्यंत रस ओघळेपर्यंत पिळायचं. मिक्सरमधून फिरवलेला रस मला गिळवत नाही. वहिनी दरवर्षी म्हणायची, "राहू द्या अक्का, पाहुण्या बाईनं काय काम करायचं," आणि मी दरवर्षी पदर खोचायचे. घरचे आणि शेजारचे मिळून वीस-पंचवीस जण जेवायला असायचे.

दोन वर्षांपूर्वी आखाजी झाल्यावर दोन आठवड्यांनी भावाला ताप भरला. मुदतीचा ताप, टायफॉईड. उन्हाळ्यात टायफॉईड म्हणजे आमच्याकडे काय नवल? त्याचं रक्त माझ्याच लॅबला आलं, जंतू मीच वाढवला, औषध मीच सुचवलं. पुढच्या वर्षी आखाजीनंतर वहिनी तापली. तेव्हाही मीच. दोन्ही वेळचे जंतू मी छोट्या कुप्यांत घालून गोठवून ठेवले होते. काही शंका होती म्हणून नाही, लॅबमधली सवय म्हणून. दोघं बरे झाले आणि विषय संपला.

यंदा पोरीला आला.

नेहमीच्या औषधांनी ताप हलेना. भाऊ फोन करायचा आणि मी इकडून शहाणपणा पाजळायचे, "टायफॉईड आहे रे, उतरायला वेळ लागतो, घाबरायचं काय त्यात?" तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट फुगलं आणि फळीसारखं कडक झालं. आतड्याला भोक पडलं होतं. मी धुळ्याहून जळगावला पोचले तेव्हा तिला ऑपरेशनला आत घेतलं होतं आणि वहिनी बाहेरच्या फरशीवर, भिंतीला टेकूनसुद्धा नाही, अशी मधोमध बसली होती. पोरीच्या चपला तिच्या मांडीवर होत्या. मी तिच्याजवळ बसले नाही. मी थेट सर्जन कुठे आहेत ते विचारायला गेले.

सर्जन भले गृहस्थ होते. बाहेर येऊन म्हणाले, "वाचली. पण नीट ऐका. जंतू चिवट आहे, मोजक्याच औषधांना दाद देतोय. हे पुन्हा झालं तर ही पोरगी सोसू शकणार नाही. तुम्ही लॅबमधल्या आहात ना? कुठून आलं ते शोधा. ते सापडेपर्यंत तिला त्या घरात नेऊ नका."

एवढंच काम होतं मला. ते सापडत नाही तोवर पोरगी घरी जाणार नव्हती, आणि न सापडता गेली तर पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिला घालवून बसलो असतो.

गल्लीनं तोवर निकाल लावून टाकला होता. रसात घालायला बर्फ आणतात तो पारोळ्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांकडून. सगळ्यांचं एकच, बर्फ, बर्फ, बर्फ. लोकांनी त्यांच्याकडून घेणं बंद केलं आणि ऐन हंगामात त्यांची हातगाडी दाराशी उभी राहिली. मी त्यांच्याकडे नमुना घ्यायला गेले तर त्यांनी स्वतः लादी फोडून दिली आणि म्हणाले, "बेटी, अच्छे से देख ले. मेरे भी पोते यही खाते हैं." मी बर्फ तपासला, विहीर तपासली, नळ तपासला, दूध तपासलं. घाण सापडली, नाही असं नाही. पण टायफॉईडचा जंतू कशातच नव्हता.

मग मी ते गोठवलेले दोन जंतू आणि पोरीचा तिसरा असे पुण्याच्या एका संस्थेत पाठवले. तिथे जंतूचा जीनोम वाचतात. म्हणजे जंतूची सगळी जन्मकुंडली पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं. ताटलीत बघितलं तर टायफॉईडचे सगळे जंतू मला सारखेच दिसतात. अक्षरं वाचली की कळतं कोण कुणाचा सख्खा आणि कोण नुसता आडनावाचा. तिथे एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी होती. तिच्या मी इतकी मागे लागले की तिनं आमचे नमुने रांगेत पुढे घेतले.

तिचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होते. "मॅडम, तिन्ही सख्खे आहेत. तीन वर्षांत एक-दोन अक्षरांचा फरक, बस. हा दरवर्षी बाहेरून नवीन येत नाहीये. पाण्यातून आला असता तर वेगवेगळे सापडले असते. हा कुठेतरी मुक्कामाला आहे."

"कुठे?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"माणसात. पित्ताच्या पिशवीत बसत असेल. त्या माणसाला काहीच होत नसतं. अन्नाला हात लावणाऱ्या सगळ्यांचं शौच तपासा, प्रत्येकाचं तीनदा. दर वेळी जंतू बाहेर पडतोच असं नाही."

मी खाली कँटीनमध्ये भावाला बसवलं आणि पाकिटाच्या पाठीवर यादी केली. आखाजीला स्वयंपाकाला कोण कोण होतं? भाऊ बोटांवर मोजत सांगत गेला. वहिनी. मांडे करायला येणाऱ्या शेजारच्या काकू. त्यांची सून. दूधवाला. बर्फवाले चाचा. "अजून?" मी विचारलं. तो म्हणाला, "अजून कोण? बाकी सगळे तर जेवणारे." मीही मान हलवली आणि खाली रेघ मारली. पाहुणी आलेली लेक काम करणाऱ्यांत मोजायची असते हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि हातात पेन धरून बसलेल्या माझ्याही आलं नाही. वीस वर्षं जंतू शिकलेली बाई मी. कोपरापर्यंत रसानं माखलेली.

माझा संशय वहिनीवर गेला. कसा जाणार नाही? रोजचा स्वयंपाक तिचा, टायफॉईड तिला होऊन गेलेला. तिच्या आजाराच्या आदल्या वर्षी भाऊ आजारी पडला होता, म्हणजे हिशोब जुळत नव्हता, पण मी तो जुळवून घेतला. म्हटलं, तिला लहानपणी कधीतरी होऊन गेला असेल, तिच्या माहेरच्यांना काय कळतंय! हे मी तिच्यासमोर बोलले. त्याच दिवशी मी सांगून टाकलं की रिपोर्ट येईपर्यंत वहिनीनं पोरीला भरवायचं नाही, तिच्या पेल्याला, चमच्याला हात लावायचा नाही. भावानं माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. "अक्का सांगतेय तर असेल," तो म्हणाला.

पोरीला पेज, मऊ भात सुरू झाला आणि तो मी भरवायला लागले. वहिनी खिडकीशी उभी राहून बघायची. पोरगी दोन-तीन दिवस आईकडेच हात करत होती. मग तिनं विचारलं, "फुई, मायना हातले काय व्हयनं?" आईच्या हाताला काय झालं. मी म्हटलं, "आईच्या हातावर जंतू आहेत राणी, ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामुळेच तुझं पोट दुखलं. तू फुईच्या हातचं खायचं, फुई हात धुते." पोरगी शहाणी. तिनं ते लगेच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वहिनी तिचे केस विंचरायला पुढे झाली तर तिनं डोकं मागे घेतलं. मी त्याबद्दल तिला शाबासकी दिली. हो, दिली.

यादीतल्या सगळ्यांचे नमुने झाले, सगळे स्वच्छ. वहिनीचे तीनही स्वच्छ. प्रत्येक वेळी तिनं नमुन्याची डबी माझ्या हातात देताना मान खाली घातलेली असायची. नणंदेच्या हातात हे द्यायचं, कल्पना करा. आणि मी काय म्हणाले असेन? "अजून एक लागेल."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. चिडून नाही. घरात बोलतो त्याच आमच्या बोलीत, अगदी साधं. "अक्का, बठ्ठासना हात देखात तुम्हीन. रस ते तुम्हीनच काढा व्हता ना?"

मी "हो" म्हटलं. सगळ्यांचे हात मी तपासले होते, आणि रस तर मीच काढला होता. ती डबी घेऊन चौथा नमुना द्यायला गेली. मला वाटतं, ती मला काही सुनावत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

मी संडासात जाऊन कडी लावली आणि नळ सोडून उभी राहिले. सगळं एकदम आठवत गेलं. कॉलेजला असताना धुळ्याच्या होस्टेलवर मला टायफॉईड झाला होता. चार-पाच वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले होते. डॉक्टर म्हणाले होते, त्रास होत नाही ना, मग राहू द्या. खड्यांच्या आडोशाला हा जंतू वर्षानुवर्षं मजेत राहतो, हे मी शिकाऊ मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. आणि माझ्या घरात कुणाला कधी काही का झालं नाही? कारण नवऱ्याला आणि मुलाला मी टायफॉईडची लस केव्हाच टोचवली होती. माहेरी सांगायचं राहून गेलं होतं. साबणाचं सांगत राहिले.

त्या क्षणापासून मी पोरीला भरवणं बंद केलं. सर्दी झालीय म्हटलं. नर्सला भरवायला सांगितलं. मी धुळ्याला गेले, माझाच नमुना माझ्याच लॅबमध्ये लावला. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. देवा, तेव्हा मी काय काय नवस बोलले! तिसऱ्या ताटलीत टायफॉईडच्या जंतूच्या काळ्या टिकल्या उगवल्या. मी ती ताटली उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होते. एक मन म्हणत होतं, टाक ही भट्टीत, कोणाला कळणार आहे? इथे तुझ्याशिवाय कोण आहे? मी पुण्याला पाठवली. नावाऐवजी नुसता आकडा घातला, सहा.

पाठवली म्हणजे मी फार मोठी असं कुणी समजू नये. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस मी तोंड उघडलं नाही. पुरावा येऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावत होते. तो जंतू दुसऱ्याच कुळाचा निघेल अशी वेडी आशा होती. त्या नऊ दिवसांत नर्स भरवत होती आणि वहिनी खिडकीशीच उभी होती. मी एका शब्दानं तिला जवळ बोलावू शकले असते. माझी जीभ उचलली नाही. मला माझी लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती, की पोरगी मला कायमची अंतरेल.

शेवटी फोन आला. "मॅडम, सहा नंबर सापडला. तिन्हींशी जुळतोय, हाच मूळ आहे. पण तुमच्या यादीत सहावं माणूसच नाही. हे कोण?"

"मी," म्हटलं.

ती बिचारी लगेच म्हणाली, "मॅडम, उपचार होतो. पिशवी काढावी लागेल कदाचित, औषधं बरेच दिवस." मी "हो, हो" करत राहिले. ती मला माझाच धडा वाचून दाखवत होती.

त्याच दुपारी मी भाऊ आणि वहिनीला दवाखान्याच्या बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. भावाचा ताप माझ्यामुळे. वहिनीचा माझ्यामुळे. पोरीचं आतडं माझ्यामुळे फाटलं. बर्फवाल्या चाचांचा काही दोष नव्हता. आणि नऊ दिवस मला संशय होता, तरी मी बोलले नाही. भावाला आधी कळेचना. "म्हणजे रिपोर्ट चुकला का, अक्का?" तो मला वाचवायची वाट शोधत होता. मग त्याला कळलं. तो उठला, गेटपर्यंत गेला, आणि तिथेच आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी बसूनच होती. मी तिच्या पायांशी वाकायला गेले तर तिनं पाय मागे घेतले. मला वाटलं, आता बोलेल, आता तरी माझी खरडपट्टी काढेल. तिनं एवढंच विचारलं, "मग मी आता तिला भरवू ना?"

"भरवा," मी म्हटलं.

ती जवळजवळ पळतच आत गेली. मी मागून गेले आणि दारातच थांबले, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. तिनं बेसिनवर हात धुतले. एकदा, दोनदा. वाटीतला मऊ भात वरणात कालवला, तूप घातलं, बोटांनी नीट मऊ केला, कॉटवर टेकली आणि घास पोरीच्या तोंडाशी नेला.

पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"खाई ले ना बेटा," वहिनी म्हणाली.

"नको. तुना हातले जंतू शेतस. फुईनी सांगेल शे." मग तिला दारात मी दिसले. आजारपणानं एवढंसं झालेलं तिचं तोंड एकदम उजळलं. "फुई, तू दे."

मी म्हटलं, "राणी, मी चुकले. आईच्या हातावर काही नाही. जंतू फुईजवळ आहेत, खरंच, फुईच्या पोटात आहेत." पोरगी हसली. फुई आपली गंमत करते आहे असं तिला वाटलं. तिनं माझ्याकडे बघत तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले, हललेच नाही. वहिनीनं थोडा वेळ वाट बघितली. मग तो घास परत वाटीत ठेवला, उठली आणि बेसिनवर जाऊन पुन्हा हात धुवायला लागली.